वसंतातली बाग : उन्हाच्या आधीची कामे

महाराष्ट्राच्या पठारावर वसंत फार थोडे दिवस टिकतो. माघात थंडी ओसरते आणि चैत्र लागेपर्यंत दुपारचे ऊन भाजू लागते. मधल्या सहा-सात आठवड्यांत मुळे खोल गेली, तरच रोप एप्रिल-मेचा ताप सोसते.

पहिला मान मोगऱ्याचा. त्याला कळ्या नव्या फुटीवर लागतात. म्हणून जानेवारीत पाणी तोडून झाडाला ताण देतात, महिनाअखेरीस जुन्या फांद्या छाटतात, बुंध्याभोवतीची माती हलवून शेणखत घालतात आणि मगच पाणी सुरू करतात. मार्चअखेरीपासून बहर येऊ लागतो. छाटणीला हात आखडला, तर झुडूप पानांनी भरते आणि फुले मोजकीच मिळतात. गुलाबाची मोठी छाटणी मात्र ऑक्टोबरातली. आता त्याची सुकलेली फुले तेवढी काढावीत. बहर संपलेल्या शेवंतीचे दांडे जमिनीलगत कापले की बुडातून फुटवे येतात. पुढची लागवड त्यांचीच होते, तेव्हा ते जपावेत.

भेंडीचे बी थंड मातीत रुजत नाही. रात्रीचा गारवा कमी झाल्यावर ते रात्रभर भिजवून टोकावे. दोन ओळींत 30 आणि दोन रोपांत 15 सेंटीमीटर अंतर पुरते. साधारण दीड महिन्यात तोडणी सुरू होते. ती एक दिवसाआड करावी, नाहीतर भेंडी जून होते. गवारही याच सुमारास पेरतात.

काकडी, दोडका, कारले, दुधी या वेलांना उशीर सोसत नाही. त्यांची नर आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ दिसते. ऊन वाढले की नर फुलेच जास्त येतात आणि वेल फुलूनही फळ धरत नाही. मधमाश्या दिसत नसतील, तर नर फूल खुडून त्याचे परागकण मादी फुलाला लावावेत. काकडीसाठी ही वेळ सकाळची. दोडका आणि दुधी संध्याकाळी फुलतात.

याच दिवसांत पानगळीचा पाला अंगणात साचतो. तो जाळणे म्हणजे बागेचे उन्हाळ्यातले पांघरूण जाळणे. आळ्यांत त्याचा दोन-तीन इंचांचा थर द्यावा, खोडापासून थोडा दूर. खोडाला ओला पाला चिकटून राहिला तर साल कुजते.