बर्फ, मका आणि कुशिरोचे क्रौंच

होक्काइदोच्या पूर्व भागातल्या कुशिरो दलदलीत १९२४ साली लाल माथ्याचे मूठभर क्रौंच सापडले. शिकारीपायी आणि दलदली बुजवून केलेल्या शेतीपायी हा पक्षी जपानातून नाहीसा झाला, असंच तोवर सगळे धरून चालले होते. पुढची पंचवीस-तीस वर्षं त्याने जेमतेम तग धरला. १९५२च्या मोजणीत भरले अवघे ३३. त्याच सुमारास कडक थंडीत ओढे गोठले, पक्ष्यांची उपासमार व्हायला लागली आणि अकान व त्सुरुई इथल्या गावकऱ्यांनी आपल्या घरचा मका बर्फावर टाकला. आधी बुजणारे क्रौंच हळूहळू त्या दाण्यांना सरावले. आज त्यांची संख्या दीड हजाराच्या वर आहे. बर्फातल्या क्रौंचांचे जे फोटो जगभर गाजले, त्यांचा इतिहास माझ्या मते या मक्यापासून सुरू होतो.

मक्याच्या ओढीने पक्षी उघड्या शेतांत आले, आणि तिथला उजेड म्हणजे फोटो काढणाऱ्याची चैनच. कुशिरो ४३ अंश उत्तरेला आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून २३-२४ अंशच वर येतो, त्यामुळे ऊन दिवसभर तिरपं राहतं. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या उजेडाचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग परत फेकतो. आपल्याकडे भर दुपारी घारीचा फोटो काढला तर पोटाखाली नुसता काळोख येतो. इथे डोक्यावरून जाणाऱ्या क्रौंचाच्या पंखांची खालची बाजूसुद्धा उजळलेली असते, पिसाच्या दांडीपर्यंत स्पष्ट.

मात्र याच उजेडात कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर चकतो. समोर काहीही असो, ते मध्यम राखाडी आहे असं समजूनच तो हिशोब करतो. बर्फाचं शेत त्याच्या भरवशावर टिपलं तर चिखलासारखं मळकट उमटतं. उपाय सगळ्यांना ठाऊक आहे, एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप वाढवायचं. पण क्रौंचाची पाठ उन्हात बर्फाइतकीच पांढरी आणि मान काळीभोर. कोडाक्रोमसारख्या स्लाइड फिल्मवर अर्धा स्टॉप जास्त झाला की पाठीवरची पिसं कायमची गेली, अर्धा कमी झाला की मान नुसती काळी पट्टी. त्या काळी हे कळायचं रोल धुऊन आल्यावर, तेही छत्तीसच फ्रेममधून. कडाक्याच्या थंडीत फिल्म कडक होते. झटक्यात गुंडाळली तर स्थिर विजेची ठिणगी पडून तिच्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा उमटतात. त्या जमान्यातल्या लोकांनी पांढऱ्यावर पांढरं टिपून दाखवलं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही अपार आदर आहे.

१९८३ साली निकॉन एफएने फ्रेमचे भाग पाडून उजेड मोजायला सुरुवात केली. डिजिटल कॅमेऱ्यात जळालेला पांढरा भाग पडद्यावर लुकलुकू लागला, आणि आता मिररलेसमध्ये शटर दाबण्याआधीच एक्स्पोजर दिसतं, काळ्या चेहऱ्यातला काळसर डोळाही कॅमेरा स्वतः पकडतो. थंडीत बॅटरी मात्र अजूनही भराभर उतरते, म्हणून जादाच्या बॅटऱ्या सगळे आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवतात.

यंत्राने न बदललेली जागा म्हणजे त्सुरुईचा ओतोवा पूल. खालची सेत्सुरी नदी झऱ्यांच्या पाण्यामुळे गोठत नाही, म्हणून क्रौंच रात्री तिच्या उथळ पात्रात उभ्याने झोपतात. पारा उणे वीसच्या आसपास गेला की पाण्यातून वाफ उठते आणि काठच्या झाडांवर गोठून बसते. ऊन त्या वाफेत शिरलं की सगळं गुलाबी होतं, पण फार थोडा वेळ. पुढे शेतात जोडी एका सुरात ओरडते, नराच्या एका हाकेला मादीच्या दोन. मागून ऊन असेल आणि पलीकडे गडद झाडी असेल, तर प्रत्येक हाकेसरशी चोचीतून निघणारी वाफ सोनेरी दिसते. बर्फाची पार्श्वभूमी असेल तर तीच वाफ दिसतही नाही. बर्फात फोटो काढणाऱ्याला अंधाराची एवढी गरज लागते, हे मला तिथेच उमगलं.

सरकारी मदतीने दिला जाणारा मका २०१५ पासून टप्प्याटप्प्याने कमी केला जातोय. एका जागी शेकडो पक्षी जमले की रोगाची एकच साथ सगळ्यांना संपवू शकते, म्हणून ते पांगावेत असा हेतू आहे. काही फोटोग्राफर यावर नाराज आहेत. मला हा निर्णय पूर्णपणे योग्य वाटतो. पांगलेले पक्षी गोठ्यांच्या आसपासही उतरतात आणि गुरांच्या चाऱ्यातले दाणे खातात, त्याचा शेतकऱ्यांना त्रासही होतो. १९५२ साली ज्यांनी त्यांना जगवलं त्यांच्याच पुढच्या पिढ्यांना. गोंदियातले आपले सारसही धानाच्या बांध्यांमध्ये तग धरून आहेत, त्यामुळे हा पेच आपल्याला परका नाही.

२०२० साली होक्काइदोच्या पश्चिमेला नागानुमाच्या पाणथळीत एका जोडीने पिल्लू वाढवलं. त्या भागात शंभराहून जास्त वर्षांत असं घडलं नव्हतं. मक्याच्या मैदानात आकाराने फ्रेम भरून टाकणारा क्रौंच यापुढे कमी मिळेल. ओसाड पांढऱ्या शेतात लांबवर, अंगठ्याएवढे दोन पक्षी, असे फोटो जास्त निघतील, आणि मला ते जास्त आवडतात. त्यात पक्षी कुठे राहतो, तेही दिसतं.