आधी लेव्हल पाइप, मग लॅपटॉप!

एअर सस्पेन्शनची गाडी मागून एका बाजूला कलली, की लगेच खर्चात पडू नका. 'सरळ उभं राहायचं' म्हणजे किती, हे तिला नीट शिकवलंय का, ते आधी बघा.

सुट्ट्या लागल्या की आंजर्ल्यात मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. कड्यावरच्या गणपतीचं दर्शन, मग किनारा. त्यात हल्ली एअर सस्पेन्शनवाल्या गाड्याही दिसतात. स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे. डिकीत आंब्याच्या पेट्या टाकल्या की गाडी मागून बसते. कॉम्प्रेसर हवा भरतो आणि ती परत वर येते.

पण गाडी बसली हे कळतं कुणाला? हाइट सेन्सरला. मागच्या चाकांजवळ चॅसिस आणि ॲक्सलच्या मध्ये एक छोटा दांडा असतो. गाडी खाली-वर झाली की तो फिरतो आणि सेन्सर त्याचा कोन कंट्रोल युनिटला कळवतो. मात्र अमुक कोन म्हणजे अमुक उंची, हे युनिटला आपणच शिकवायचं. हेच कॅलिब्रेशन. सेन्सर किंवा वाकलेला दांडा बदलला, की ही शिकवणी पुन्हा घ्यायची. ती चुकली तर गाडी कलते, टायर वाकडे झिजतात. मागची बाजू खाली राहिली तर हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. रात्री घाटातल्या वळणावर हे किती महागात पडेल, सांगायला नको.

सपाट जागा आणायची कुठून?

जमीन तिरकी असेल तर वजन एका बाजूला जातं आणि मोजलेली उंचीच खोटी ठरते. आता कोकणात सपाट जागा शोधून दाखवा! रस्ता उताराचा, अंगणाला पाणी जायला ढाळ आणि वाळू चाकाखाली खचणारी. इथे गवंड्याचा लेव्हल पाइप कामाला येतो. पारदर्शक नळीत पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका आणि दोन टोकं दोन चाकांजवळ उभी धरा. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला थांबतं. तिथून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं की उंचसखल लगेच कळतं.

करायचं काय?

• टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरा. सामान आणि माणसं बाहेर काढा.
• चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना टेपने मोजा. काही मॉडेल्सची मापं वेगळ्या ठिकाणी घेतात, म्हणून मॅन्युअल बघा.
• आकडे स्कॅनरमध्ये भरून सेव्ह करा. गाडी थोडी फिरवून आणा, पुन्हा मोजा.
• नुसत्या फुग्यांच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. हवा गेली की गाडी क्षणात बसते. आधी स्टँड लावा.

आणि हो, गाडी वाळूत घालायचा मोह आवरा. खारं पाणी आणि वाळू दांड्याचे सांधे खातात. शिवाय याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात.

आयटीआयला मोटर मेकॅनिक करणाऱ्या दोस्तांनो, स्कॅनर विकत मिळतो. त्यात भरायचा आकडा मात्र हातानेच मोजावा लागतो. तो चुकला, तर गाडी ती चूकच इमानेइतबारे सांभाळत राहते.