तोडताना पडलेली ठिणगी

परिपथ जोडताना काहीच नाही. तोडताना मात्र लखकन ठिणगी! अमेरिकेतल्या ऑल्बनी अकादमीत गणित शिकवणारा जोसेफ हेन्री या उफराट्या प्रकाराने चक्रावला. घट साधाच, सौम्य आम्लातला. ध्रुव पाऱ्याच्या वाट्यांत सोडलेले. फूटभर तांब्याची तार जोडली, उचलली, तरी शुकशुकाट. तीस-चाळीस फुटांची तार घेतली, की पाऱ्यातून टोक ओढताक्षणी झळाळती ठिणगी. तिचंच वेटोळं केलं, तर आणखी जोरात. लांब तारेत रोध जास्त, म्हणजे धारा उलट कमीच. मग हे बळ आलं कुठून?

अकादमीच्या तासांमुळे हेन्रीला संशोधनाला सवड मिळायची ती मुख्यतः सुट्टीत. तशात लंडनच्या मायकेल फॅरेडेने चुंबकापासून वीज मिळवल्याची बातमी आली आणि १८३२ मध्ये हेन्रीने घाईघाईने लेख छापला. ठिणगीची नोंद त्यात अगदी शेवटी, जाता जाता केल्यासारखी! लांब तार विजेने भारली जाते आणि स्वतःवरच उलटते, असा त्याचा कयास.

दोन वर्षांनी जेन्किन नावाच्या गृहस्थाने फॅरेडेच्या कानावर घातलं, की विद्युतचुंबकाच्या तारेची टोकं दोन हातांत धरून घटाशी असलेला जोड तोडला, तर झटका बसतो. फॅरेडेला आधी सुचलं ते जडत्व: धावती वीज एकदम थांबत नसावी. पण तीच तार सरळ ठेवली तर परिणाम कमी, गुंडाळली तर जास्त, आत लोखंड घातलं तर त्याहून जास्त. विजेचं जडत्व असतं, तर तिला तारेच्या आकाराशी काय देणंघेणं? माझ्या मते खरी कलाटणी इथेच आहे. नजर तारेच्या आतून बाहेर वळली.

वेटोळ्यात साठणाऱ्या ऊर्जेचा हिशेब विल्यम थॉमसनने १८५३ मध्ये मांडला: प्रवर्तकता (धारेतल्या बदलाला विरोध करण्याचा वेटोळ्याचा गुण) गुणिले धारेचा वर्ग, त्याच्या निम्मी ऊर्जा. एक हेन्रीच्या वेटोळ्यात (प्रवर्तकतेच्या एककाला हे नाव १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत मिळालं) दोन ॲम्पिअर धारा असेल तर दोन ज्यूल. चार ॲम्पिअर असेल तर आठ.

आणि १८६५ मध्ये मॅक्सवेलने या ऊर्जेचा ठावठिकाणाही सांगितला: भोवतालचं चुंबकीय क्षेत्र. जोडताना घटाची ऊर्जा ते क्षेत्र उभारण्यात जाते, धारा हळूहळू वाढते. तोडताना क्षेत्र ओसरू लागतं, धारा चालू ठेवायला प्रचंड विद्युतदाब निर्माण करतं आणि साठवलेली ऊर्जा पारा व तारेमधल्या हवेतून वाट फोडते.