आठवड्याला ४० तास?

अमेरिकेत मुलाला ऑटिझम आहे असं कळलं की बऱ्याचदा पहिला सल्ला मिळतो तो एबीएचा, म्हणजे बक्षीस देत देत वर्तन घडवण्याच्या थेरपीचा. तीही आठवड्याला ४० तास! तीन वर्षांच्या पोराला ही ऑफिसची नोकरीच की. हा आकडा रुजला तो लॉस एंजेलिसच्या इवार लोवास यांच्या १९८७च्या अभ्यासातून. त्या गटात मुलं होती फक्त १९, आणि मांडीवर अधूनमधून चापट मारणंही पद्धतीत बसत होतं. २०२४मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा जास्त तासांनी जास्त फायदा होतो असं दिसलं नाही.

म्हणून थेरपिस्टला आधी उद्दिष्ट विचारा. ‘हात फडफडवणं थांबेल’ असं उत्तर आलं, तर ते नक्की कोणाच्या सोयीसाठी? ‘नको’ सांगता येणं, मग ते बोलून असो वा टॅबलेटवर चित्र दाबून, हे मुलाच्या कामाचं. त्यासाठी खेळता खेळता शिकवणाऱ्या पद्धतीही आहेत, त्यांची चौकशी करा. किशोरवयीन किंवा मोठ्या माणसाला चिंतेचाच त्रास जास्त असेल, तर ऑटिझमला जुळवून घेतलेली सीबीटी बघा.

आणि ‘घरी फक्त इंग्रजीच बोला’ हा सल्ला खुशाल बाजूला ठेवा. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं बोलणं मागे पडतं, असं संशोधनात आढळलेलं नाही. आजीचा व्हिडिओ कॉल मराठीतच चालू दे.