तेराव्या वर्षी घर सोडणाऱ्या मुलांची ‘मॅम’

मुलाला हॉस्टेलवर ठेवायचं म्हटलं, की आपल्या पोटात गोळा येतो. वेळेवर जेवेल ना? ताप आला तर कपाळावर हात कोण ठेवील? गादीखाली दडवलेले मळके मोजे कोण शोधून काढील? इंग्लंडमधल्या ईटन शाळेची कीर्ती मोठी. तिथल्या २० विद्यार्थ्यांनी देशाचं पंतप्रधानपद भूषवलं. पण मैत्रिणींनो, या मुलांचे मोजे कोण बघत होतं, ते आज पाहू या.

थेम्सच्या काठी, विंडसरच्या राजवाड्याजवळ सहाव्या हेन्री राजानं १४४० साली ही शाळा काढली, ती ७० गरीब मुलांना फुकट शिकवायला! राजाची शाळा म्हटल्यावर पैसेवाल्यांचीही मुलं येऊ लागली. त्यांना शाळेत राहायला जागा नव्हती. ती गावात बिऱ्हाडं बघून राहत, म्हणून त्यांना नाव पडलं ‘ऑपिडन’, म्हणजे गावात राहणारे.

या मुलांना ठेवून घेणाऱ्या घरमालकिणींना ‘डेम’ म्हणत. जेवणखाण, धुणं, दुखणीखुपणी सारं त्यांच्या गळ्यात. उलट राजाच्या खर्चानं शिकणाऱ्या मुलांचे हाल ऐका. ‘लाँग चेंबर’ नावाच्या एका लांबलचक खोलीत त्यांना झोपायला लागे. रात्री दाराला कुलूप, आत कडाक्याची थंडी आणि उंदीर! १८४०च्या दशकात नव्या खोल्या झाल्या, तेव्हा कुठं हे हाल कमी झाले. राजाचा आश्रय होता, पण रात्री उठून बघणारं माणूस नव्हतं.

पुढे एकोणिसाव्या शतकात ही घरं हळूहळू शिक्षकांच्या हाती गेली. वडिलांच्या मागे घर चालवणाऱ्या जेन इव्हान्स या शेवटच्या डेम. १९०६ साली त्या वारल्या. सार्जंट या नामवंत चित्रकारानं काढलेलं त्यांचं चित्र आहे. बाकीच्या बहुतेक डेमांना मात्र आज कोण ओळखतं? राजाचा पुतळा तेवढा शाळेच्या चौकात उभा आहे.

पण डेम काही शाळेतून गेली नाही बरं का! आजही तेरा ते अठरा वर्षांची मुलं तिथे राहतात. एकेका घरात साधारण ५० मुलं, प्रत्येकाला स्वतंत्र खोली. शिस्त आणि अभ्यास बघायला हाऊसमास्तर. आणि कपडे, औषधपाणी, रडवेला चेहरा बघायला डेम. मुलं तिला ‘मॅम’ म्हणतात.

बाकी प्रथांचा थाट विचारू नका. काळा शेपटीचा कोट आणि पट्ट्यापट्ट्यांची विजार घालून मुलं रोज वर्गात जातात. तिसऱ्या जॉर्ज राजाच्या वाढदिवसाचा सोहळा ‘चार जून’ या नावानं होतो, पण तो उरकतात मे महिन्याच्या अखेरीला! त्या दिवशी फुलांनी सजवलेल्या टोप्या घालून मुलं नावेत उभी राहतात आणि काठावर आईबाप फराळाच्या टोपल्या उघडून बसतात. सगळ्याच प्रथा अशा गोड नव्हत्या. लहान मुलांनी मोठ्यांचे बूट पुसायचे, चहा-टोस्ट करून द्यायचा, ही ‘फॅगिंग’ची रीत १९८०च्या सुमारास बंद पडली, तेही बरंच झालं.

तेव्हा उद्या मुलासाठी एखादं वसतिगृह बघायला गेलात, तर नुसतं मैदान आणि दहावीचा निकाल बघून परतू नका. स्वयंपाकघरात डोकवा, न्हाणीघर बघा. रात्री मुलाला ताप आला तर उठतं कोण, हे विचारा. आणि ज्या बाईचं नाव सांगतील, तिला भेटल्याशिवाय फीचे पैसे भरू नका. शाळेचं नाव मोठं असेल हो. पण आपल्या लेकराची रात्र तिच्या हातात असते.