वळणावर तेल जातं कुठे?

ट्रॅकवरची गाडी वळणात गुरुत्वाकर्षणाइतकंच आडवं बल सोसते, तेव्हा इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमधलं तेल चक्क 45 अंशांनी कलतं. शोषनळी उघडी पडते, पंप हवा ओढतो आणि क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवरचा तेलाचा पातळ थर तुटतो. मग तेलच जास्त भरावं, असं कुणी म्हणेल. थोडं जास्त चालतंही. पण पातळी क्रँकशाफ्टला भिडली की तेल ताकासारखं घुसळलं जातं, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच! तेव्हा प्रश्न तेल किती याचा नसून ते कुठे थांबतं याचा आहे. शोषनळीभोवती फक्त आतल्या बाजूला उघडणाऱ्या झडपांचे आडपडदे बसवले, तर तेल आत येतं, पण सहजी पळत नाही. लांबलचक वळणांवर तेही अपुरे पडू शकतात. म्हणूनच पोर्शे 911 जीटी3मध्ये ड्राय संप असतो, तेलाचा साठा वेगळ्या टाकीत ठेवणारा.