संहितेवरची पेन्सिल

नाट्यसंस्थेची कार्यकारिणी वर्षाचे नाटक ठरविण्यास बसते तेव्हा तेथे अभिजात आणि समकालीन यांची गंभीर मीमांसा चालत असेल, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी पुण्यातील एखाद्या हौशी संस्थेच्या नाट्यवाचनास अवश्य बसावे; मीमांसा होते, नाही असे नाही, परंतु निकाल बहुधा खजिनदार आणि संस्थेत उपलब्ध असलेले गळे हेच देतात. ‘संगीत सौभद्र’ सर्वांनाच हवे असते. पण गद्य आणि पदे सारख्याच तयारीने पेलणारा अर्जुन नसेल तर ते मुकाट्याने दफ्तरात परत जाते. तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ काढावे, तर गात-नाचत मानवी भिंत होऊन उभी राहणारी माणसे आणायची कोठून? मग त्याच तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ची प्रत पुढे सरकते, कारण त्याला एक साधे सभागृह, एक पिंजरा आणि बेणारेच्या भूमिकेसाठी एक समर्थ अभिनेत्री पुरते. हा व्यवहार मला हिणकस वाटत नाही; आपल्या अंगी काय आहे हे ओळखणे हाही रसिकतेचाच भाग होय.

खरी कसोटी निवडीनंतर लागते. ‘सौभद्र’चे पहिले तीन अंक अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1882 साली रंगभूमीवर आणले, तेव्हा प्रेक्षकांस रात्र मोकळी होती, आज नाट्यगृहाची वेळ घड्याळाने बांधलेली, आणि पदे शंभराहून अधिक. दिग्दर्शक पेन्सिलीने पदांभोवती चौकटी आखू लागला की ध्यानात येते, त्यांतील कित्येक पदे ही गाण्याची हौस नसून चक्क संवाद आहेत: लोकप्रिय पद गाळावे तर प्रेक्षक रुष्ट, अपरिचित गाळावे तर कथेचा दुवाच निखळतो. त्यामुळे सकाळी मारलेली फुली सायंकाळच्या तालमीत खोडली जाते, आणि ऑर्गनवाल्यास नवी मसलत ऐकावी लागते.

नव्या नाटकात कात्री इतकी स्वैर नसते, लेखक हयात असतो. शिवाय संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून दाखला मिळविणे आलेच. नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगीत तालीम हे सोपस्कार पुढे यथाक्रम होतात.

या खटाटोपातून जी रंगावृत्ती सिद्ध होते, तीच त्या संस्थेने त्या नाटकावर केलेली टीका असते, आणि प्रयोग थांबताच नेमकी तीच रद्दीत जाते. संस्थाचालकांस माझी एवढीच विनंती आहे, की गाळलेली पदे, समासातले शेरे, दिग्दर्शकाचे नाव आणि साल यांसह प्रत्येक नाटकाची एक प्रत तरी त्यांनी दफ्तरी जतन करावी.